मिशीनच्या वेशीवरचा येसकर

गुलबर्गा, ता. १२ जून १९८८

मारोती,

जयभीम. निघताना आशीर्वाद दिला होता, तो अजून पुरत असंल, म्हणून नवा लिहीत न्हाई. मी खुशाल हाय. शकुला सांग, तुझी सासू गुलबर्ग्याच्या पाण्यानं मेली न्हाई.

म्हातारी पंधरवड्यात रडत परत येती, असं तू भालकीच्या स्टँडवर चारचौघांत म्हणला होतास. पंधरवडा सरला. रडायला सवड कुठं हाय? सकाळी भाकरी, मग रुद्रम्माशी भांडण, मग दुपारची झोप. रुद्रम्मा म्हणजे घरमालकीण. ती कानडीत भांडती, मी मराठीत. दोघींना एकमेकींचं सगळं कळतं, पण कळलं न्हाई असं दाखवायची सोय राहती. लई दिवसांनी इतकं चांगलं भांडण मिळालंय. अन् इथली तूरडाळ आपल्या जनवाड्याच्या डाळीपेक्षा लवकर शिजती, हे कबूल करावं लागतंय.

तू लेकीशी बोलत न्हाईस, म्हणून तिचं मी लिहिणार. तुला वाचायचं नसंल तर शकुला मोठ्यानं वाचून दाखव. मग तू वाचलं असं व्हायचं न्हाई.

तुझं काय दुखतंय ते मला ठाऊक हाय. वीज मंडळाची सरकारी नोकरी घरापर्यंत चालत आली, अन् विशाखानं ती सोडून बंगलोरची मिशीनची, म्हणजे कॉम्प्युटरची, कंपनी धरली. प्रायव्हेट. आज हाय, उद्या न्हाई. दीड वरीस तू तिच्याशी बोलला न्हाईस. माझं म्हणशील तर मला तुमचं दोघांचंही पटलेलं न्हाई. तुला सरकारी खुर्चीचं येड, तिला मिशीनचं. पण तू येड घेऊन कुढत बसतोस अन् ती हसत कामाला जाती. म्हणून मी हसणाऱ्याकडं राहायला आले. त्यात माया बिया काही न्हाई.

कंपनीनं तिला इथल्या एका कॉलेजात बसविलंय. कंपनीचं मिशीन तिथं हाय, कापडाच्या कपाटाएवढं. परवा बघायला नेलं होतं. खोली गार, अन् दारात म्हणती, "आजे, चपला काढ."

म्हणलं, "देऊळ हाय का?"

"न्हाई गं, धूळ जाती आत."

"मग ठीक. देवळासाठी मी चपला काढायची बंद होऊन लई वर्सं झाली."

तिथं सिद्धलिंगप्पा म्हणून एक हाय, आळंदकडचा, ते मिशीन सांभाळतो. तो हसून हसून खुर्चीवरून घसरला.

आता तिचं काम. नीट वाच, मी दोनदा विचारून घेतलंय. मिशीनमधी एक गाभा असतो. मिशीनवर चालणारे बाकीचे प्रोग्राम म्हणजे गावातले लोक समज. त्यांनी कशालाच हात लावायचा न्हाई. वाचायचं असलं, लिहायचं असलं, की गाभ्याला हाक मारायची. इंग्रजीत त्याला सिस्टिम कॉल म्हणतात. गाभा काम करतो अन् उत्तर देतो. तर तुझ्या लेकीनं गाभ्यात वेशीवर एक पहारा बसविलाय. कोणी काय मागितलं, काय मिळालं, ते सगळं तो टिपून ठेवतो. प्रोग्राम बिघडला की त्याचं टिपण बघायचं, लगेच समजतं कुणाचं चुकलं.

मी म्हणलं, "म्हणजे येसकर."

ती म्हणली, "व्हय की! येसकरच."

तुझा बाप वेशीवर उभा राहून गावात कोण आलं, कोण गेलं ते बघायचा. भाकरीच्या तुकड्यावर. दीक्षा घेतली अन् ते काम आपण सोडलं. आता त्याची नात पगार घेऊन मिशीनच्या वेशीवर बसलीय, अन् लोक तिला म्याडम म्हणतात. मला तर लई गंमत वाटली. तुला वाटणार न्हाई, ते ठाऊक हाय.

तुझी आई,
राजूबाई

———

गुलबर्गा, ता. ३ जुलै

मारोती,

तुझं कार्ड मिळालं. दीड ओळ. "येसकर शब्द लिहू नकोस, पोस्टमन वाचतो." म्हणून ह्या बारीला आंतर्देशीय घेतलंय, चिकटवून पाठविते. आता पोस्टमनला झोप यायची न्हाई. शब्द मात्र तोच लिहिणार. त्या कामाची लाज गावानं बाळगावी, आपण कामून बाळगायची?

पण तू पत्र वाचतोस, हे त्या दीड ओळीवरून कळलं. बरं झालं.

इथं जरा बिघडलंय. लपवून काय करू?

कॉलेजातले पोरांची नावं अन् मार्क मिशीनमधी घालायलेत. सिद्धलिंगप्पा एका बोटानं एकेक नाव टाइप करतो. प्रोग्रामनं नुसतं बसून वाट बघायची, नाव आलं की वाचायचं. पण मधीच कधीतरी काय होतं, वाचायचं सोडून तो प्रोग्राम स्वतःच समोरच्या काचेवर, स्क्रीन म्हणतात तिला, लिहितो. शेवटचं टाकलेलं नाव परत ओकून टाकतो अन् रुसून बसतो. मग त्या दिवसाची यादी बाद. पुन्हा पहिल्यापासून.

अन् हे कधी होतं? येसकर बसलेला असतानाच. त्याला उठविलं तर आठवडाभर काही होत न्हाई.

बंगलोरचा साहेब फोनवर म्हणला, तुझा पहाराच खोटा हाय, काढून टाक. ही म्हणली, तो खोटं टिपत न्हाई. अन् त्याच्या टिपणात असं दिसतंय, की प्रोग्रामनं गाभ्याला सांगितलं, वाच. त्याला उत्तर मिळालं, अडथळा आला. अन् लगेच खालच्या ओळीत त्यानं सांगितलंय, लिही. पण त्या प्रोग्राममधी त्या जागी 'लिही' कुठं न्हाईच! तिनं ओळ न् ओळ वाचून काढली. मग हे मागितलं कुणी?

मी म्हणलं, "वेशीतून न आलेला माणूस गावात कसा सापडतो?"

म्हणली, "तेच तर, आजे."

सध्या ती जेवताना भाकरीकडं बघत न्हाई. ताटाकडं बघून काहीतरी पुटपुटती, बोटानं आमटीत रेघा ओढती. मी हातावर फटका मारला, तर म्हणली, "थांब गं, ह्या बाजूनं आत गेलं, मग ह्या बाजूनं..." डाळ वाळून गेली ताटात. रुद्रम्माला वाटलं पोरीला काही झालं. माझ्याकडं बघून कानडीत म्हणली, दृष्ट काढ. मी म्हणलं, आमच्यात काढत न्हाईत. ती म्हणली, मग मी काढते, माझ्या घरात राहती ती. अन् मिरच्या घेऊन आली. दोघी इतक्या खोकलो, की पोरगी आमटीतल्या रेघा विसरून हसायला लागली. तेवढा एक फायदा झाला मिरच्यांचा.

शकुच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला बांध. तिला म्हणावं, मी सांगितलं म्हणून टाळू नको.

राजूबाई

———

गुलबर्गा, ता. २१ जुलै

मारोती,

ह्या बारीला पत्र चांगलं पानभर लिहिलंस. अक्षर अजून छापल्यासारखं हाय तुझं. मजकूर मात्र आवडला न्हाई.

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजात विशाखाचं नाव होतं, त्यातून ज्युनिअर इंजिनियरच्या सरकारी जागेचा बोलावा घरी आला, मुलाखत इथं गुलबर्ग्यालाच, मोठ्या ऑफिसात, १२ ऑगस्टला अकरा वाजता, हे सगळं कळलं. "तिला तयार ठेव, मी सकाळच्या गाडीनं येऊन घेऊन जातो." मी काय तुझी ऑफिसातली शिपाई हाय का? तिला तयार ठेव म्हणे. कोंबडी हाय का ती?

मी तिला सांगणार न्हाई. कामून, ते ऐक. आत्ता सांगितलं तर ती जाईलही. तिचं मन आत्ता हललेलं हाय. अन् हललेल्या मनानं धरलेली नोकरी तू माझ्यापेक्षा चांगली ओळखतोस. तीस वर्सं तोंड वाकडं करून ऑफिसला जायलास, मी बघितलंय.

तुला सांगायचं असंल तर स्वतः ये अन् सांग. तोंड तुला हाय, ते तिला दाखव. मी मधी पडणार न्हाई.

मन कामून हललंय, ते लिहिते. बंगलोरहून टपाल आलं. १२ ऑगस्टला साहेब स्वतः येणार. तोपर्यंत चूक सापडली तर बरं. न्हाई तर हिचं दीड वर्षाचं काम गाभ्यातून उपसून टाकणार, मिशीन पहाऱ्याबिगर चालू ठेवणार, अन् तिची नोकरी कायम करायची का न्हाई त्याचा विचार करणार. विचार करणार म्हणजे काय, ते तू सरकारी भाषेत जाणतोस.

व्हय, दोन्ही एकाच दिवशी. कॅलेंडर छापणारे आपल्याला विचारत न्हाईत.

ती दिवसभर त्या खोलीत बसून राहती, येसकराला बसवून, मिशीनकडं टक लावून. ती बसली की मिशीन एकदम शहाणं. ती एक वाजता जेवायला घरी आली, की मागं हे झालंच. परत गेली की सिद्धलिंगप्पा दारातच उभा. "म्याडम, पुन्हा झालं."

"तुम्ही काय केलं होतं?"

"काहीच न्हाई. जेवलो."

रोजचं हेच. तिनं वायरी बदलल्या, ही काच बदलून ती काच लावली. बंगलोरला सांगून तिथल्या मिशीनवरबी तोच प्रोग्राम चालवून बघितला. तिथं न्हाई होत. म्हणून साहेबाला वाटतंय, ही अन् तिचं गुलबर्गा, दोघं मिळून काहीतरी गोंधळ घालायलेत.

काल मला म्हणली, "आजे, अप्पा म्हणत होते ते खरं असंल का?"

मी म्हणलं, "तुझा बाप गरम पाण्यात हात घालून थंड हाय म्हणणारा माणूस. त्याचं खरं-खोटं मला विचारू नको. भाकरी गिळ."

हे तुला मुद्दाम लिहिलं.

राजूबाई

———

गुलबर्गा, ता. ६ ऑगस्ट

मारोती,

सापडलं!

आधी हे सांगते, की मी काही केलं न्हाई. रुद्रम्मा सगळ्या गल्लीला सांगत फिरतीया, अज्जीनं मिशीन दुरुस्त केलं म्हणून. मी फक्त डबा नेला होता. तोही नाइलाजानं. पोरगी दुपारी घरी आलीच न्हाई. जेवायला उठणार न्हाई म्हणून निरोप पाठविला. उपाशीपोटी बसून कुणाची चूक सापडली हाय? भाकरी, डाळ, कांदा फडक्यात बांधून मी निघाले.

पोचले तर ती काचेसमोर, येसकर बसविलेला. सिद्धलिंगप्पा बाजूच्या काचेवर नावं टाकायलाय. मला बघून तो खूश. "अज्जी, ऊटा आयता?" जेवण झालं का म्हणून विचारायलाय, स्वतःला भूक लागली की. मी म्हणलं, न्हाई, बसू तिघं. तो उठला. उठता उठता मिशीनच्या दोन बटणांवर बोटं दाबली, हात धुवायला गेला, परत आला, फडकं सोडलं. जेवलो. त्यानं माझा कांदा खाल्ला, मी त्याची शेंगाचटणी. मग तो जागेवर गेला, काहीतरी टाइप केलं, अन् काचेवर शेवटचं नाव भस्सकन् परत उमटलं.

विशाखानं हातातला घास फडक्यावर ठेवला.

"तुम्ही उठताना काय दाबलं?"

"कधी?"

"जेवायला उठताना!"

"ते व्हय? थांबविलं त्याला. जेवल्यावर परत चालू केलं."

"रोज थांबविता?"

"म्हणजे काय म्याडम! आपण खायचं अन् त्याला कामाला ठेवायचं? आमच्यात औत सोडल्याबिगर कोणी भाकरीचं फडकं सोडत न्हाई. बैलं उन्हात उभी अन् मालक सावलीत जेवायलाय, असं बघितलंय का कुठं?"

"मी इतक्या बारी विचारलं, काय करता म्हणून!"

"तुम्ही काय केलं विचारलं. हे करणं थोडंच हाय? हे तर जेवणं झालं."

मला हसू आवरलं न्हाई. पोरगी मात्र हसली न्हाई. ती खरकट्या हातानंच उठली, अन् त्याला म्हणली, परत सोडा औत. त्यानं थांबविलं, चालू केलं. झालं! परत थांबविलं, परत चालू. परत झालं! दोघं लहान पोरांसारखी तेच करीत बसली. बंगलोरला कोण कशाला जेवताना मिशीन थांबवील? तिथले लोक मिशीन चालू ठेवून हॉटेलात जातात. म्हणून तिथं दिसायचंच न्हाई.

पण थांबविलं म्हणून बिघडावं कामून? त्यासाठीच तर ते बटण हाय. येसकर नसला की थांबवा, चालू करा, काही होत न्हाई. म्हणजे चूक वेशीवरच होती. ती पुढं दोन दिवस शोधत बसली. अन् काल संध्याकाळी घरी येऊन मला सगळं समजावलं, गिरणीचा दाखला देऊन. तुलाही तसंच सांगते.

इथं गल्लीत बाबूलालची पिठाची गिरणी हाय, तिथं आपण डबा देतो. तो काही विचारत न्हाई. डबा उघडून बघतो. ज्वारी दिसली की ज्वारी दळायची, हरभऱ्याची डाळ दिसली की बेसन. अन् दळलेलं त्याच डब्यात परत. मागणंही त्याच डब्यातून, उत्तरही त्याच डब्यातून. गाभ्याचं तसंच. कुठलं काम पायजे त्याचा नंबर डब्यात घालून द्यायचा. तीन नंबर म्हणजे वाच, चार नंबर म्हणजे लिही. उत्तर त्याच डब्यात येतं.

आता मधीच काम थांबलं. बाबूलाल ओरडतो, "अम्मा, लायटां गए, बाद में आव!" तेव्हा काय करायचं? डबा जसा होता तसा ठेवायचा. लाइट आली की तोच डबा पुन्हा पुढं सारायचा, तो पुन्हा ज्वारी बघणार, दळणार. गाभा असंच करतो. डब्याला हात लावत न्हाई.

पण हिच्या येसकराला उत्तर टिपायची घाई. काम थांबलं, म्हणजे उत्तर 'अडथळा' असं समजून त्यानं ते आधी डब्यात घातलं, अन् मग डब्यात बघून टिपलं. अडथळ्याचाही एक नंबर असतो त्यांच्यात. तो निघाला चार. मग सिद्धलिंगप्पानं जेवून मिशीन चालू केलं, डबा परत गाभ्यासमोर गेला. गाभ्यानं उघडून बघितलं, तर आत तीन न्हाई, चार. चार म्हणजे लिही. लिहिलं बिचाऱ्यानं! हाताला जे शेवटचं नाव लागलं, तेच. न मागितलेलं मागणं कुठून आलं, ते असं.

म्हणजे टिपण खरं होतं, अन् चूकही टिपणाऱ्याचीच होती.

मी म्हणलं, "म्हणजे तुझीच."

म्हणली, "माझीच."

"तुझा आजा वेशीवरून बघायचा. येणाऱ्याच्या गाठोड्यात हात घालत नव्हता."

लई मोठ्यानं हसली. कितीतरी दिवसांनी. मग म्हणली, दोन ओळींची दुरुस्ती हाय. टिपायचं ते आपल्या वहीत टिपायचं, डब्याला बोट लावायचं न्हाई. केलीही. कालपासून सिद्धलिंगप्पा जेवायला उठतो, चहाला उठतो, विडी ओढायला उठतो, दर वेळी औत सोडतो. काही होत न्हाई.

पण साहेबाचा भरवसा बसायचा हाय. तो फोनवर म्हणला, एक दिवस बरं चाललं म्हणून काय झालं, मी येऊन स्वतः बघतो. भरभर टाइप चालू असताना, मनात येईल तेव्हा थांबवून बघणार. एकदा जरी नाव उलटून आलं, तर सगळं काढायचं. म्हणजे १२ तारखेचं टळलेलं न्हाई.

तू येणार असशील तर ये. सांगायचं ते तूच सांगायचंस, हे अजून कायम हाय. अन् येताना शकुच्या हातचं लोणचं आण. इथलं लोणचं म्हणजे तिखट लावलेलं लाकूड.

राजूबाई

———

गुलबर्गा, ता. १४ ऑगस्ट

मारोती,

नीट पोचलास का? लोणचं चांगलं हाय. शकुला सांग. तिला तोंडावर सांगितलं नसतं.

तू होतास तिथं, मग मी परत कामून लिहायलेय? तू सगळं बघितलंस, पण तुला बघत मी होते. तुझं तुला दिसलं न्हाई, ते लिहिते.

इस्त्रीची कापडं, काखेत मुलाखतीची फाईल, चपला दारात काढून तू आत आलास. ती काचेसमोर उभी. तिनं वळून बघितलं अन् परत काचेकडं तोंड केलं. तू फायलीकडं. दोघं बापलेक शोभता. मला वाटलं, आता हा फाईल उघडणार, अन् पोरगी साहेबासमोर रडणार न्हाई तर भांडणार.  खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात तो साहेब इंग्रजीत करवादला. सिद्धलिंगप्पाचं एक बोट बघून तो आधीच वैतागला होता. ह्या वेगानं उद्यापर्यंत परीक्षा व्हायची न्हाई, टाइप करणारा माणूस कुणी हाय का न्हाई ह्या कॉलेजात, असं विशाखानं मला सांगितलं. अन् माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा लेक टायपिंगची परीक्षा पास हाय. इंग्रजी-कानडी दोन्ही."

तू माझ्याकडं असं बघितलंस, की मी तुझी आई न्हाईच. पण खुर्चीत बसलास. फाईल मांडीवर. बोटं मोडलीस एकदा, ऑफिसात मोडतोस तशी.

विशाखा म्हणली, "अप्पा, ही नावं टाकत जा. मी मधीच थांबवीन. घाबरू नका."

तू म्हणलास, "मी कशाला घाबरू?"

दीड वर्षात लेकीशी बोललेले पहिले शब्द. चांगले न्हाईत, पण बोललास.

मग तू सुरू केलंस. सिद्धलिंगप्पा तोंड उघडं ठेवून बघत राहिला. साहेबानं बोट वर केलं की ही थांबवायची. पुन्हा बोट, पुन्हा चालू. तू हात वर धरून बसायचास.

"आता?"

"आता पुढं."

टकटक टकटक. थांबलं.

"आता?"

"आता पुढं, अप्पा."

दोघांचं तेवढंच चाललं होतं, पण सकाळ सरली त्यात. एकदाही नाव उलटलं न्हाई. ते मिशीन मुकाट वाट बघायचं, तू पुढचं अक्षर टाकलंस की घ्यायचं.

घड्याळात अकरा वाजले, मुलाखतीची वेळ झाली, तेव्हा तू वर बघितलंस. मी बघितलं तू बघितल्यालं. साहेबानं तेव्हाच थांबवायला लावलं होतं, तुझे हात मोकळे होते. उठता आलं असतं. तू मांडीवरची फाईल काढून खुर्चीच्या पायाशी ठेवलीस अन् विचारलंस, "पुढचं नाव काय?"

त्या वेळेला मला तू तुझ्या बापासारखा दिसलास. कौतुक म्हणून लिहीत न्हाई. नाक तसंच हाय.

साहेबानं टिपणाची लांब पट्टी छापून घेतली, खालपासून वरपर्यंत बघितली. विशाखा स्वतःच म्हणली, चूक माझीच होती, अमुक जागी होती. साहेबानं चष्मा काढला अन् म्हणला, राहू दे गाभ्यात. सगळ्या मिशीनींत बसवू. नोकरीही कायम. तेवढ्यात तू फाईल काखेत मारून दाराबाहेर. तीनची गाडी हाय म्हणे. गाडी पाचलाही होती.

तू गेल्यावर तिनं विचारलं, "अप्पा जेवले का गं?"

"न्हाई."

"अन् फायलीत काय होतं?"

म्हणलं, "ऑफिसचं काही असंल."

रुद्रम्माच्या घरी संध्याकाळी पुरणपोळ्या झाल्या. मिशीन मी दुरुस्त केलं म्हणून. मी आता नको म्हणायचं सोडलंय, पोळ्या चांगल्या होत्या. पोरीनं तीन खाल्ल्या, ताटात रेघा न ओढता. अन् खाताना रुद्रम्माला, सिद्धलिंगप्पाला, बाबूलालच्या बायकोला, सगळ्यांना एकच सांगत होती. माझे अप्पा रजा काढून, इतक्या लांबून, मुद्दाम माझं मिशीन बघायला आले.

मी व्हय म्हणले. तुला कोणी विचारलं, तर तूही व्हयच म्हण.

राजूबाई